बिनपाण्याचा हरभरा

शिवकन्याच्या विज्ञान प्रदर्शनाचा कारभार तिच्या वडिलांनी, पाटोद्याच्या किराणा दुकानदार ईश्वरप्पांनी, परस्पर आपल्या हाती घेतला. दुकानात नुकत्याच येऊ लागलेल्या कोल्ड्रिंकच्या दोन प्लास्टिकच्या बाटल्या कापून त्यांत हरभरा पेरला. रोपं वर आल्यावर हुकूम सुटला, की एकीला रोज पाणी घालायचं आणि दुसरीला थेंबही न्हाई. दोन्हींना सारखं ऊन मिळावं म्हणून अंगणातली बेलाची कुंडी सरकवून तिथं दुसरी बाटली ठेवली.

आठवडाभरात दुसरीच जास्त तरारली. आप्पांनी घर डोक्यावर घेतलं.

"बिनपाण्याचं रोप एवढं हिरवं कावून हाय? कुणी हात लावला?"

बायको शांतादेवीनं पोरीची शपथ घेतली, तरी त्यांचा संशय जाईना.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी लिंगपूजा आटोपून आप्पा तांब्या घेऊन अंगणात आले. पूजेचं पाणी पायदळी जाऊ नये म्हणून ते रोज बेलाला घालत. ओठांवर जप, डोळे अर्धे मिटलेले. सवयीनं त्यांनी बेलाच्या जागी धार धरली.

"आप्पा, बेल तिकडं हाय," मागून शिवकन्या म्हणाली.

जप थांबला.

पोरीनं दोन्ही बाटल्या उचलल्या. "तुमी बी चला शाळंत. पाणी कुणी घातलं म्हणून गुरुजींनी इचारलं, तर दाखवायला कुणीतरी पायजे."