काजबाईंची फुंकर

"जोरात नको, आजी. सावकाश. पिशवी भरली की झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

काजबाईंनी नळी तोंडात धरली आणि गाल फुगवले. शेजारी बसलेल्या नातीची पिशवी मघाशीच भरून झाली होती, त्यामुळे ती आता या कामातली जाणकार होती.

"आई, आजी फुंकतेय की भांडतेय?"

"गप गं, भिंगरे," सून म्हणाली.

शिंप्याच्या दुकानात जन्मभर काजंबटणं केली, म्हणून त्या काजबाई. जीभ सुईपेक्षा तिखट. लेक वाईट वागला की 'बापाच्या वळणावर गेला' आणि शहाण्यासारखा वागला की 'रक्त माझं आहे', असा त्यांचा सरळ हिशेब होता. आधी भाऊ आणि मग तो लेकही पोटाच्या कॅन्सरने गेला, तेव्हा हा हिशेब त्यांच्याच अंगावर उलटला.

एका घरातले दोघं गेले, ते रक्तातून उतरलेल्या बिघाडामुळे की पोटात राहणाऱ्या जंतूमुळे, हे इस्पितळातल्या संशोधकांना शोधायचं होतं. काजबाईंनी रक्त दिलं, पिशवीत फुंकलं. त्या श्वासावरून पोटात जंतू निघाला, गोळ्या सुरू झाल्या. हा जंतू बहुधा घरातच, लहानपणी, तोंडावाटे येतो, एवढं डॉक्टरीणबाई सहज बोलून गेल्या आणि ते काजबाईंच्या काळजात रुतून बसलं.

लेकाला त्यांनी घास भरवला तो आधी स्वतः चाखून. नातीलाही तसाच. त्या दिवसापासून त्यांनी आपलं ताट वेगळं केलं, पेला वेगळा केला. नात पापा घ्यायला आली की तोंड फिरवायच्या. पोरीने कट्टी केली. सुनेने विचारलं तर म्हणाल्या, "दाढ दुखतेय."

आज गोळ्या संपल्यानंतरची तपासणी होती. थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई हसतच बाहेर आल्या.

"जंतू गेला, आजी. आणि भिंगरीच्या पोटात तो नाहीच."

"आणि रक्ताचं?" सुनेने विचारलं. तिचे हात पोरीच्या खांद्यांवर घट्ट होते.

"घराण्यात उतरणारे जे बिघाड आज माहीत आहेत, त्यातला एकही हिच्या बाबांमध्ये सापडला नाही. त्यांच्या ऑपरेशनच्या वेळचा तुकडा जपून ठेवलाय, त्यात जंतू मात्र दिसला. पण हा जंतू कितीतरी लोकांच्या पोटात असतो, कॅन्सर थोड्यांनाच होतो. असं का, तेच अजून शोधतोय आम्ही."

"म्हणजे त्याला तो माझ्याकडून गेला," काजबाई म्हणाल्या.

"ते कुणीच सांगू शकत नाही, आजी."

"पण पोरीच्या रक्तात काही नाही ना?"

"आम्हाला जे शोधता येतं, त्यातलं काही नाही."

"मग राहू द्या माझ्याच माथी," काजबाईंनी सुस्कारा सोडला. "रक्तात असतं तर जन्मभर तिच्या मागे लागलं असतं. माझ्या माथ्यावरचं माझ्याबरोबर जाईल."

दाढ का दुखत होती ते सुनेला आत्ता कळलं.

"अहो आई, तुम्ही भरवलंत म्हणून तर ते एवढे मोठे झाले," ती म्हणाली आणि तिला रडूच कोसळलं. काजबाईही रडल्या. लेक गेल्यापासून दोघी एकमेकींसमोर रडल्या नव्हत्या.

मग पोरीला भूक लागली म्हणून तिघी खाली उपाहारगृहात गेल्या. उकडलेला बटाटा आला, वाफाळता.

"भाजतोय," भिंगरी म्हणाली. कट्टी अजून सुटली नव्हती, म्हणून भिंतीकडे बघून म्हणाली.

काजबाईंचा हात सवयीने पुढे गेला. चमचा ओठांपर्यंत आला आणि तिथेच थांबला. त्यांनी सुनेकडे पाहिलं.

"घाला की फुंकर," सून म्हणाली.

काजबाईंनी गाल फुगवले. भिंगरीने मान वळवली, नीट निरखून पाहिलं आणि आ वासण्याआधी सांगितलं,

"जोरात नको, आजी. सावकाश."