गुरुवारची गुप्त बैठक

आमच्या कंपनीतून बातम्या फुटत होत्या आणि त्या फोडणारी मीच आहे, असं माझ्या सासऱ्यांचं मत होतं. मत कसलं, खात्रीच. आम्ही उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसून देतो. कुठल्या इमारतीकडे जायचं आणि काय भाव सांगायचा, हे सासरे आणि माझा नवरा दर गुरुवारी केबिन बंद करून ठरवायचे. पुढच्या आठवड्यात नवरा तिथे पोचावा, तर पलीकडच्या चौकातली कंपनी आमच्याहून जरासा कमी भाव सांगून, चहा पिऊन निघालेली असायची. लग्नाआधी मी त्याच कंपनीत नोकरीला होते. झालं! आणखी पुरावा कशाला हवा?

बाबा मला तोंडावर काही बोलले नाहीत. बोलले असते तर मी तिथल्या तिथे काय ते ऐकवलं असतं. त्यांनी मुलाला बजावलं, बैठकीतलं एक अक्षर बायकोला सांगायचं नाही. त्याने खरंच सांगितलं नाही. तरी बातम्या फुटतच राहिल्या, तेव्हा बाबांनी निष्कर्ष काढला की पोरगा बायकोपुढे विरघळतो. आणि पोरगा? मूग गिळून बसलेला. "थोडे दिवस जाऊ दे," एवढंच म्हणायचा. मला बाबांपेक्षा त्याचाच राग जास्त यायचा. जेवताना समोर बसलेल्या या माणसालाही माझा संशय येत असेल का? विचारायचा धीर होत नव्हता. तो "हो" म्हणाला असता तर मी कुठे जाणार होते?

शेवटी मीच हट्ट धरला. केबिनमध्ये कुणीतरी चोरून ऐकायचं यंत्र बसवलं असेल, माणूस बोलावून तपासून घ्या.

"आणि काही सापडलं नाही तर?" बाबांनी विचारलं.

"तर मी उद्यापासून ऑफिसात पाय ठेवणार नाही," मी तावातावाने बोलून गेले. माझ्या जिभेला कधी हाड नव्हतंच.

तपासणीला एक बाई आल्या, चाकाची बॅग ओढत. लांब दांडीचं यंत्र त्यांनी भिंतींवरून, टेबलाखालून, पंख्याभोवती फिरवलं. प्लगचे बोर्ड उघडले, फोन खोलला, घड्याळ उतरवलं, खुर्च्यांच्या गाद्यासुद्धा चाचपल्या. टेबलाखाली चिकटवलेलं जुनं च्युइंगगम सापडलं, तेव्हा माझा नवरा खिडकीबाहेर बघू लागला.

"काहीही नाही," बाई म्हणाल्या. "केबिन स्वच्छ आहे."

यंत्र नाही, म्हणजे माणूस. माणूस म्हणजे मी. बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही आणि तेच मला जास्त लागलं.

"एवढ्यात तोंड पाडू नका," बाई मला म्हणाल्या. "यंत्रांचं झालं, आवाजाचं राहिलंय." मग त्या बाबांकडे वळल्या. "तुम्ही दोघं बैठक घ्या. अगदी नेहमी घेता तशीच. आम्ही दोघी बाहेर फिरून ऐकतो."

बाबांनी हे भलतंच मनावर घेतलं. खिडक्या लावल्या, पडदे ओढले, दोघांचे मोबाईल बिस्किटांच्या डब्यात टाकले. मग कानातलं ऐकण्याचं यंत्र काढलं आणि तेही डब्यात ठेवलं.

"हे कशाला काढलंत?" बाई चकित झाल्या.

"त्यात ब्लूटूथ आहे," बाबा गंभीरपणे म्हणाले. "गुप्त बैठकीत मी असलं काही कानात ठेवत नाही."

मी कपाळाला हात लावला. गुरुवारी मी इमारतींवर काचा पुसणाऱ्यांच्या दोऱ्या तपासायला गेलेली असते, त्यामुळे हा प्रकार मला ठाऊकच नव्हता. यंत्राशिवाय बाबांना शेजारी ढोल वाजवला तरी ऐकू येत नाही. आणि ज्याला ऐकू येत नाही तो किती मोठ्याने बोलतो, हे काय सांगायला हवं?

आम्ही बाहेर पडलो. केबिनचं दार जाडजूड, पॅसेजमध्ये नुसती कुजबुज ऐकू येत होती. जिन्यात तेवढंही नाही. बाई वरच्या खोट्या छताकडे, फॉल्स सीलिंगकडे, बघत राहिल्या. "केबिनची भिंत त्या छताच्या वर गेलेली दिसत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणजे आवाज वरून पलीकडे जाणार. पलीकडे कोण आहे?"

पलीकडे दंतवैद्याचा दवाखाना होता, त्याचं दार मागच्या जिन्याने. आम्ही वळसा घालून तिथे गेलो. बाहेरच्या खोलीत चार-पाच पेशंट गालाला हात लावून गप्प बसलेले, आणि त्यांच्या डोक्यावरून माझे सासरे गरजत होते.

"तिनं त्या कंपनीचं मीठ खाल्लंय! तीच सांगते!"

"बाबा, ती नाही!" हा माझा नवरा.

"काय?"

"ती नाही म्हणतोय! दर गुरुवारी सांगतोय! तिला काढलंत तर मीही जाईन!"

"काय?"

"मीही जाईन!"

मी भिंतीला टेकून उभी राहिले. घरात जे एकदा हळू आवाजात सांगितलं असतं तरी पुरलं असतं, ते हा गाढव दर गुरुवारी लोकांच्या दाढदुखीला ऐकवत होता.

"त्या सूनबाई तुम्हीच का?" काउंटरवरची मुलगी म्हणाली. "आम्ही सगळे तुमच्याच बाजूने आहोत हं."

"गुरुवारी इथे कोण कोण असतं?" बाईंनी विचारलं.

"पेशंट बदलतात. एक साहेब मात्र न चुकता येतात. या वयात दातांना तारा लावून घेतल्यात. नंबर दुपारचा, येतात सकाळीच. दंतवैद्याकडे वेळेआधी येणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मोबाईलवर टिपत बसतात काहीतरी."

तिने वर्णन सांगितलं. पलीकडच्या चौकातल्या कंपनीतला माझा जुना साहेबच तो! आम्ही त्याला मागे गोडबोल्या म्हणायचो. माझा जीव असा भांड्यात पडला की मी त्या मुलीला मिठीच मारली.

परत आल्यावर बाईंनी सगळं सांगितलं, अर्थात ओरडून. बाबांचा चेहरा पडला. "म्हणजे मीच?" असं काहीतरी पुटपुटत त्यांनी डब्यातल्या यंत्राकडे हात नेला.

"राहू द्या!" मी ओरडले. "शेजारच्या खोलीने आळ ऐकलाय, आता पुढचंही ऐकू दे!"

बाबा भिंतीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. उभे राहिले, सदरा नीट केला आणि गरजले, "सूनबाईने काही केलं नाही! चूक माझी होती! मला माफ कर, पोरी!"

"ऐकलं हो, काका!" पलीकडून काउंटरवरच्या मुलीचा आवाज आला. बाबांना तो अर्थातच ऐकू गेला नाही. मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी मला मध्येच धरून उभं केलं.

नवरा इतका वेळ बिस्किटांच्या डब्याशी चाळा करत उभा होता. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "म्हणजे तू तिकडे... माझं बोलणं ऐकलंस?"

"नाही," मी म्हटलं. "पुन्हा सांग."