एकोणिसाव्या देवळाच्या अलीकडे

तोकुजी पुढे आणि हिसाए मागे, असं गेले पाच दिवस चाललं होतं. सहा जणांच्या जथ्यात मागे राहायला हिसाएला गुडघ्याचं निमित्त होतं. खरं म्हणजे तिला तोकुजीची पाठ नजरेआड होऊ द्यायची नव्हती. तो तिच्या धाकट्या बहिणीचा, मुत्सुकोचा नवरा. मार्चमध्ये मुत्सुको बंदराच्या धक्क्यावरून पाण्यात पडून गेली. सोबत कपड्यांनी भरलेली पिशवी सापडली. पोलिसांनी अपघात म्हणून प्रकरण मिटवलं. पण भरल्या संध्याकाळी पावसात बाई पिशवी भरून निघते, ती नवऱ्याने काही केल्याशिवाय? आणि नवरा काय म्हणतो, तर मी झोपलो होतो!

बायकोसाठी शिकोकू बेटावरची अठ्ठ्याऐंशी देवळं पायी करणार, असं त्याने जाहीर केलं तेव्हाच हिसाएच्या मनात पाल चुकचुकली. तिने ताबडतोब आपलंही नाव घातलं. तो म्हणाला, बरं झालं ताई. त्याचं ते ‘बरं झालं’सुद्धा तिला खटकलं.

संशयाला खाद्य फार लागत नाही. मुक्कामावर तोकुजी रीतीप्रमाणे आपले पाय धुण्याआधी यात्रेच्या काठीचं टोक धुवायचा. हिसाए मनात म्हणे, ढोंगी मेला. प्रत्येक देवळात आपल्या नावाची एक चिठ्ठी पेटीत टाकायची, तर हा दोन टाकायचा. दुसरी माफीची असणार, दुसरं काय! वाटेत एका म्हातारीने यात्रेकरूंना संत्री वाटली, तेव्हा याने आपलं सोलून आधी हिसाएपुढे धरलं. तिने ते घेतलं, पण खाल्लं नाही. बाराव्या देवळाचा चढ चढताना तिने दम खायला मान वर केली, तर तो थांबून तिच्याकडेच बघत होता. आपण ओळखलंय हे चोराला कळलं, असं तिने धरून टाकलं.

तिची सगळी भिस्त एकोणिसाव्या देवळावर होती. हे पारखीचं देऊळ. मनात पाप असेल त्याला तिथून पुढे जाता येत नाही. देवळाआधी एक छोटा पूल लागतो, त्यावर पांढरा बगळा दिसला की पाप्याचं पाऊल उचलत नाही, असं तिने लहानपणापासून ऐकलेलं. जथ्याचे वाटाडे काजिवाराकाका तर शपथेवर सांगत की इथून परत फिरलेली दोन माणसं त्यांनी डोळ्यांनी पाहिलीत. पोलिसांना जमलं नाही ते पूल करील, एवढ्यासाठी बाईने गुडघे झिजवले होते.

पूल आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. बोलता बोलता ओलांडून जावा एवढासा पूल. बगळा कुठेच नव्हता. पुलावर काठी टेकवत नाहीत, म्हणून काकांनी ती उचलून धरली आणि त्यांच्यामागून आणखी तिघं पार झाले. तोकुजी मात्र कडेला थांबला.

“ताई, तुम्ही व्हा पुढे.”

“नको. तुम्ही आधी.”

“तुम्ही मोठ्या आहात.”

“मोठी आहे म्हणूनच सांगतेय. का? पाय उचलत नाही वाटतं?”

तोकुजी हसला नाही. “तेच बघायला आलोय मी, ताई. तुमचा उचलतो का.”

मग तो हळू आवाजात सांगत गेला. त्या संध्याकाळी नवरा-बायकोचं वाजलं होतं, कारण सांगायलाही लाज वाटावी इतकं किरकोळ. ताईकडे जाते म्हणून मुत्सुकोने पिशवी भरली. दारात बूट घालता घालता तिने ताईला फोन लावला, तो त्याने ऐकला होता. ती ताईकडे पोचली असेल असं समजून तो निवांत झोपला. आणि सकाळी ताईने पोलिसांना सांगितलं, फोनबिन काही आला नाही.

“पाच दिवस वाट बघितली, तुम्ही आपणहून सांगाल म्हणून. काय म्हणालात तिला?”

फोन जेमतेम मिनिटभराचा होता. हिसाएच्या मुलीच्या होणाऱ्या सासरची माणसं त्या दिवशी घरात बसलेली. तिने ते मिनिट इतकं खोल पुरलं होतं की त्यावर आठ महिन्यांत तिने एक खुनी उभा केला. आता तिला स्वतःची शिसारी आली.

“येऊ नकोस म्हणाले,” ती म्हणाली. “पाहुणे आहेत, त्यांच्यासमोर रडकं तोंड घेऊन उभी राहू नकोस म्हणाले. उद्या ये.”



“मी जा म्हणालो होतो,” तोकुजी म्हणाला. “जा, आणि परत येऊ नकोस. ते मीही पोलिसांना सांगितलं नाही.”

पिशवी घेऊन मुत्सुको धक्क्यावर का उभी होती, ते आता दोघांनाही कळलं. तिला जायला घरच उरलं नव्हतं.

पलीकडून काजिवाराकाकांनी हाक मारली. बगळाबिगळा काही नाही, या बिनधास्त, म्हणाले. दोघांपैकी एकाचंही पाऊल उचललं नाही.