कप्तानाचं भाषण

बाबांना जाऊन सतरा दिवस झाले होते आणि घर महिनाअखेर सोडायचं होतं. घर चर्चचं होतं. बाबा तरुणांचे पाळक होते म्हणून ते आम्हाला मिळालं होतं. आता दुसरे पाळक येणार. त्यामुळे डॉक्टरकाका आले तेव्हा पुढच्या खोलीत सगळीकडे खोकी होती आणि मोकळी खुर्ची एकच. ती त्यांना देऊन मी पुस्तकांच्या खोक्यावर बसले.

“त्यात विज्ञानकथा असतील तर जरा जपून बस,” ते म्हणाले. “एखादं यान उडायचं.”

मी हसले. सतरा दिवसांत पहिल्यांदाच.

डॉक्टरकाका दातांचे डॉक्टर. बाबांची आणि त्यांची ओळख एका पाकिटामुळे झालेली. विज्ञानकथांची वेडी अशी आठ माणसं, आठ गावांत राहणारी. त्यांच्यात एक जाड खाकी पाकीट वर्षानुवर्षं टपालानं फिरत असे. पाकीट आलं की सगळ्यांची पत्रं वाचायची, आपलं मागच्या फेरीतलं पत्र काढून घ्यायचं, नवं घालायचं आणि दहा दिवसांच्या आत पुढच्याकडे रवाना करायचं. प्रकाशाहून जास्त वेगानं जाता येईल का, अमक्या लेखकाला भौतिकशास्त्र येतं का, यावर ती मंडळी एकमेकांची अक्कल काढत. बाबांना तिथे सगळे कप्तान म्हणत. चर्चमध्ये हे नाव कुणालाही ठाऊक नव्हतं.

“वहिनी कशा आहेत?” काकांनी विचारलं.

“भांडी बांधतेय. काही बोलत नाही.”

स्वयंपाकघरातून वर्तमानपत्राचा कागद चुरगाळल्याचा आवाज येत होता.

काकांनी पिशवीतून पाकीट काढून मांडीवर ठेवलं. “या वेळी टपालानं नाही पाठवलं. म्हटलं स्वतःच जावं. ही फेरी कप्तानाची. प्रत्येकानं त्याच्याबद्दल लिहिलंय. फक्त पहिलं पान कोरं ठेवलंय, ते तुझं.”

“मी काय लिहू, काका?”

“चर्चच्या पंचांच्या बैठकीत तो काय बोलला ते. तू होतीस ना तिथे? आम्ही नुसतं त्याच्या पत्रातून वाचलंय. तू डोळ्यांनी पाहिलंयस.”

मी खोक्याची सुटलेली दोरी बांधू लागले. त्यांना वाटलं, मला आठवत नाहीये.

ती बैठक झाली तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. बाबांनी तरुण संघात एक खेळ काढला होता. एक जहाज दोनशे वर्षांच्या प्रवासाला निघालंय, अंतराळात. त्यावर माणसं जन्मतील, म्हातारी होतील, मरतील. पोहोचतील ती नातवंडांची नातवंडं. तर या जहाजाचे कायदे मुलांनी करायचे. पाणी कसं वाटायचं, शाळा कोण घेणार, मेलेल्यांचं काय करायचं. प्रार्थना कोण चालवणार हा भाग माझ्या वाट्याला आला. मी लिहिलं, जहाजावर कायमचा पाळक नसेल. दर महिन्याला चिठ्ठी टाकायची, जिचं किंवा ज्याचं नाव येईल त्यानं उपासना चालवायची. बाबांनी माझ्या नियमांचा तक्ता सभागृहातल्या फळ्यावर लावला. त्यांना तो फार आवडला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून दाखवत होते, आणि त्या भरात त्यांनी तो एका पंचांनाही दाखवला. आमच्या चर्चमध्ये उपासना फक्त पुरुषच चालवत. अशी चूक बाबाच करू जाणे.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर पंचांनी त्यांना बोलावलं. मलाही. हे मी स्वतः लिहिलं की कुणी लिहवून घेतलं, ते मला विचारायचं होतं.

“मी सांगतो त्याचे शब्द,” डॉक्टरकाका म्हणाले. “पाकिटातलं काही उतरवून ठेवायचं नाही असा आमचा नियम. मी तो एकदाच मोडला.” त्यांनी चष्मा लावला आणि खिशातून घडीवर फाटत आलेला कागद काढला.

“‘जहाजावर जन्मलेल्या मुलाला आपलं गाव माहीत नसेल. आपली ही इमारत माहीत नसेल, आपल्यापैकी कुणाचं नावही माहीत नसेल. त्याच्याकडे फक्त प्रार्थना पोहोचली असेल. ती बाईनं पोहोचवली की पुरुषानं, हे तो विचारणार नाही. माझ्या मुलीला हे कळलं. मला कळायला तिचा तक्ता वाचावा लागला, याची मला लाज वाटते.’” त्यांनी कागदाची घडी केली. “पंच अवाक झाले, असं लिहिलं होतं त्यानं. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. हे मी तिला वाचून दाखवलं. आज ती पाळक व्हायचं शिक्षण घेतेय. दुसरं वर्ष. घरात सगळे विरोधात होते. मलाही धीर नव्हता, खरं सांगतो. पण म्हटलं, तो कप्तान पंचांसमोर उभा राहिला, नोकरीची पर्वा केली नाही, आणि मी पोरीला साधं हो म्हणू नये?”

बाबांच्या अंत्यविधीला थोरले पाळक म्हणाले होते, चोवीस वर्षांत यांनी पंचांचा एक शब्द खाली पडू दिला नाही. ते ऐकताना मी खाली मान घातली होती, कारण ते खरं होतं.

“काका,” मी म्हटलं, “बाबा हे बोलले. अगदी हेच शब्द. पण बैठकीत नाही.”

“म्हणजे?”

“त्या सकाळी स्वयंपाकघरात. आई त्यांचा शर्ट इस्त्री करत होती. ते बनियनवर उभे होते, हातात चमचा होता, आणि आमच्यासमोर त्यांनी हे सगळं म्हणून दाखवलं. मला वाटलं, माझ्या बाबांसारखं जगात कुणी नाही. मग आम्ही चर्चमध्ये गेलो. तिथे ते म्हणाले, पोरखेळ आहे, मी मुलीला समज देतो. उठले आणि तक्ता स्वतःच्या हातानं उतरवला. मला माफी मागायला सांगितली. मी मागितली.”

काकांनी चष्मा काढला. बराच वेळ ते तो रुमालानं पुसत राहिले.

“मग आम्हाला का तसं लिहिलं?”

“माहीत नाही. मला हे पत्र आजच कळतंय.”

“तू त्याला कधी विचारलं नाहीस?”

“मी अठराव्या वर्षी चर्चमध्ये जायचं सोडलं. त्यानंतर आम्ही हवापाण्याचं बोलायचो. कुठल्या ग्रहावरचं हवापाणी, एवढाच काय तो फरक.”

ते हसले नाहीत. “मी मुलीला काय सांगू?”

“ते स्वयंपाकघरात बोलले, असं सांगा.”

“स्वयंपाकघरात बोलणं आणि तिथे बोलणं एक नव्हे, बाळ.”

“नाही. एक नाही.”

“मग राहू दे,” ते घाईनं म्हणाले. “पहिलं पान मी लिहितो. तू काही लिहू नकोस. कुणाचं काय बिघडतंय?”

मला हो म्हणायचं होतं. एका पानावर का होईना, बाबा तसे राहिले असते. पण त्यांच्या मुलीचा विचार मनातून जाईना. तीही उद्या अशाच एका खोलीत पंचांसमोर उभी राहील, जे माझे बाबा बोललेच नाहीत त्याच्या जोरावर.

“मी लिहिते,” मी म्हटलं. “दोन्ही लिहिते. शब्दही, आणि कुठे बोलले तेही.”

स्वयंपाकघरातला आवाज थांबलेला होता. आई दारात उभी होती. तिच्या हाताला वर्तमानपत्राची शाई लागली होती.

“लिहितेच आहेस तर पुरं लिही,” ती म्हणाली. “तू बूट घालायला बाहेर गेलीस. तेव्हा मी त्यांना म्हटलं, हे बोलून याल तर संध्याकाळी आपण तिघं कुठे झोपायचं ते ठरवून या. घर चर्चचं आहे. तिची शाळाही चर्चची आहे. शर्ट दिला हातात आणि म्हटलं, तुमची जहाजं कागदावर चालतात.”

काका उठून उभे राहिले. “वहिनी, तुम्ही कशाला आता...”

“बसा हो तुम्ही.” तिनं माझ्याकडे पाहिलं. “तू त्यांच्याशी मनातलं बोलणं टाकलंस. मला वाटायचं, ते सांगतील तुला. त्यांनी नाही सांगितलं.”

“तू का नाही सांगितलंस?”

तिनं हात पदराला पुसले. शाई निघाली नाही.

“मला वाटलं नव्हतं ते ऐकतील,” आई म्हणाली. “एरवी कधी ऐकायचे माझं?”