आतलं बाकडं

मला चार स्थळांनी नाकारलं, आणि चारही भैय्यालालच्या हॉटेलातून परत गेली. घरापर्यंत कुणी आलंच नाही.

आमच्याकडची रीतच तशी. मुलगी बघायला जायच्या आधी मुलाचा एखादा मामा नाहीतर काका गुपचूप गावात उतरतो, फाट्यावरच्या हॉटेलात चहा मागवतो, पाऊसपाण्याचं बोलतो आणि मग हळूच विचारतो, "फलाण्याची पोरगी कशी आहे बाप्पा?" हॉटेलवाला काय सांगतो त्यावर तो पुढं जातो, किंवा परतीची बस धरतो. आमचं घर साकोलीला, पण मी एकोडीच्या शाळेत मास्तरीण. म्हणून माझी चौकशी एकोडीच्या फाट्यावर, भैय्यालालकडे व्हायची. भैय्यालाल माणूस सोन्यासारखा. खोटं बोलायला त्याची जीभच रेटायची नाही. "पोरगी लाखात एक," तो सांगायचा, "रोज इथंच जेवते."

झालं. त्यापुढचं कुणी ऐकत नसे.

आता यात माझा काय गुन्हा? आई नव्हती. बाबांचा आणि दोघा भावांचा डबा भरून मी आठची बस पकडायची, आणि माझ्या वाट्याला भांड्याच्या तळाचा करपलेला भात उरायचा. दुपारच्या सुट्टीत पोटात कावळे ओरडायचे. हॉटेल शाळेपासून पाच मिनिटांवर. पहिल्या दिवशी मी आत शिरले तेव्हा बाकड्यांवरची माणसं अशी गप्प झाली की चुलीवरचा रस्सा उकळताना ऐकू यावा. बाई हॉटेलात! ही गोष्ट एकोणऐंशी सालची. बाजाराच्या दिवशी बायका दिवसभर उपाशी राहत, फार तर मागच्या दारी उभ्या राहून चहा पीत. मी भिंतीकडचं आतलं बाकडं धरलं आणि आलुबोंडा-रस्सा मागवला. तिखटानं डोळ्यांतून पाणी आलं, पण काय सुख होतं ते! दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. महिनाभरात माणसं बोलू लागली, आणि वर्ष होत आलं तेव्हा रोजचा पेपर मीच मोठ्यानं वाचून दाखवत होते.

चौथं स्थळ मोडलं तेव्हा बाबा बोलले. आनंदराव, तहसील कचेरीतले शिपाई, वर्षातून दोनदा बोलणारा माणूस.

"वच्छला, अठ्ठाविसावं लागलं तुले. तो एक बोंडा सोडता येत नाई का?"

"आज बोंडा सोडला तं उद्या नोकरी सोड म्हणतीन, बाबा."

"उद्याचं उद्या पाहू न, माय."

मी फणकारले खरी. पण खोटं कशाला सांगू, मलाही लग्न हवं होतं. मला असं एक घर हवं होतं जिथं माझ्यासाठीही कुणी ताट वाढून ठेवलं असेल. आणि पाचवं स्थळ मला मनापासून आवडलं होतं. चिखल्याच्या खाणीतला वायरमन, नाव भोजराज. फोटोत तो कॅमेऱ्याला भ्यालेला दिसत होता, आणि त्यामुळेच बहुतेक आवडला. मी बाबांना शब्द दिला, की ही चौकशी होईस्तोवर हॉटेलची पायरी चढणार नाही.

अकरा दिवस पाळला. बाराव्या दिवशी मी बसमधून उतरले आणि माझा डबा घेऊन बस पुढं निघून गेली.

दुपारी दोन वाजता मी आतल्या बाकड्यावर होते. बोंडा फोडून रश्श्यात बुडवला, तोच टोपीतला एक उन्हानं रापलेला माणूस आत आला. त्यानं चहा मागवला. पाऊसपाण्याचं बोलला. मी बोंडा खाली ठेवला.

"एकोडीच्या शाळेत वच्छला नावाची मास्तरीण हाय म्हणते," तो म्हणाला. "मी पोराचा मामा, मंगरू. चिखल्याहून आलो. कशी आहे पोरगी?"

भैय्यालालचा झारा तेलातच थांबला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी डोळे वटारले.

"मले... मले काय माहीत," भैय्यालाल म्हणाला आणि आधीच स्वच्छ असलेलं टेबल पुसायला लागला. जन्मात पहिल्यांदा खोटं बोलला बिचारा, तेही माझ्यासाठी.

मंगरूमामा माझ्याकडं वळले. "तुमी मालकीणबाई दिसता. तुमाले तं माहीत असन."

लग्नाची पोरगी हॉटेलात बसून रस्सा ओरपत असेल, हे त्यांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. हॉटेलात बसलेली बाई म्हणजे हॉटेलवाल्याचीच बाई! मला हसू फुटणार होतं, पण त्याच क्षणी कळलं की देवानं नव्हे, माझ्या हरवलेल्या डब्यानं संधी दिली आहे. एक वाक्य पुरलं असतं. पोरगी गरीब गाय आहे, शाळा सोडून कुठं पाऊल टाकत नाही. बाबांचा जीव भांड्यात पडला असता. भैय्यालालसुद्धा टेबल पुसता पुसता मान हलवून सांगत होता, बोला, बोला.

"माह्या बहिणीलेच सांगा," मामा म्हणाले. "पोराची माय. बाहेर बसली हाय."

मी बाहेर गेले. निंबाखालच्या दगडावर एक बाई बसली होती. उंच, वाळलेली, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. खाणीवर दगड निवडून निवडून हातांच्या रेघांत काळी पूड कायमची बसलेली. या बायजाबाई. पहाटे निघून तीन बसा बदलून आल्या होत्या, आणि ओठ असे सुकले होते की मला माझ्या लग्नाचा विसरच पडला.

"आत या न, मावशी. काही खाऊन घ्या."

"नाई व बाई. मी बाहेरच बरी."

"काहून?"

"सवय नाई."

एवढंच म्हणाल्या, पण त्यांची नजर दाराजवळच्या रिकाम्या खुंट्यांवर गेली होती. मला समजलं. पूर्वी आमच्या लोकांसाठी त्या खुंट्यांना वेगळे कप टांगलेले असत. प्यायचं बाहेर, धुऊन ठेवायचं आपणच. ते भैय्यालालच्या बापाच्या वेळचं. हॉटेल हाती आलं त्या दिवशी भैय्यालालनं ते कप बोडीच्या पाण्यात फेकून दिले होते. गडीमाणसं आत बसू लागली, पण कप फेकले म्हणून बाईचे पाय थोडेच आत येतात?

मालकीणबाई म्हणून मी शंभरदा बोलावलं असतं तरी ही बाई उठली नसती. उपाशीच चिखल्याला परत गेली असती. तिला आत आणायचं तर एकच सांगण्यासारखं होतं, आणि तेच सांगायचं नव्हतं. मला स्वतःचा इतका राग आला की काय सांगू! दोन मिनिटं गप्प बसता येऊ नये माणसाला?

"मावशी, मी मालकीण नाई," मी म्हटलं. "आपल्याच समाजाची आहे. आनंदरावांची वच्छला, जिची चौकशी करून राहिले ती मीच. मी रोज आत बसून जेवते, भिंतीकडच्या बाकड्यावर. मले कोनी उठवत नाई. तुमालेबी नाई उठवणार. या."

मंगरूमामा दारात येऊन उभे होते. त्यांच्या हातातली बशी कलंडली. "अवं, पोरगी हॉटेलात जेवते! चाल बाई, बस येऊन राहिली."

बायजाबाई उठल्या. माझ्याकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं. एक पाऊल पुढं आलं असं मला वाटलं, पण मामांनी दंड धरला आणि त्या बसमध्ये चढल्या. पाण्याचा घोटही न घेता.

मी शाळेत परत गेले, पोरांना पाढे म्हणायला लावले आणि फळ्याकडं तोंड करून रडले. घरी बाबांना सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "तिनं काही खाल्लं नाई?" मी मान हलवली. "अरेरे," म्हणाले, आणि पुन्हा वर्षभरासाठी गप्प झाले.

आता लपवायला काही उरलं नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा हॉटेलात जाऊ लागले. आठ दिवस झाले. नवव्या दिवशी पायरी चढले तर भैय्यालाल झारा सोडून धावत आला.

"मास्तरीणबाई, तुमचं बाकडं आज रिकामं नाई."

आतल्या बाकड्यावर, भिंतीला पाठ लावून बायजाबाई बसल्या होत्या. दोन्ही हात गुडघ्यांवर, परीक्षेला बसल्यासारख्या. शेजारी फोटोतला तो माणूस, फोटोपेक्षाही भ्यालेला. मला पाहून तो इतक्या घाईनं उठला की बाकडं एका बाजूनं वर आलं आणि बायजाबाईंनी टेबल धरलं.

"अकरा वाजताच्या आल्या," भैय्यालाल कुजबुजला. "एकल्या चढल्या पायरी. पोराले म्हणे, तू मागून ये. पाहून राहिलो तं दाराची चौकट धरून आत आल्या."

मी जाऊन समोर उभी राहिले.

"भावाशी आठ दिवस भांडली," बायजाबाई म्हणाल्या. "तो म्हणे, पोरगी हॉटेलातली. मी म्हटलं, मले जलमात कोनी आत बोलावलं नाई. या पोरीनं बोलावलं, आपलं जमत आलेलं मोडून बोलावलं. मले दुसरी सून दाखवू नको." मग त्यांनी टेबलावरची झाकलेली प्लेट माझ्याकडं सरकवली. दोन आलुबोंडे, वर रस्सा. त्यांची आणि भोजराजची प्लेट अजून रिकामीच होती.

"बस, पोरी. तुयं वाढून ठेवलं. तू आल्याबिगर आमी सुरू नाई केलं."

रस्सा पार थंड झाला होता. मी दोन्ही बोंडे खाल्ले, आणि आणखी दोन मागवले.