जांभळाच्या फांदीवरचं घर

मी जांभळाचं झाड बोलतोय. झाड कसलं, बुंधाच उरलाय, बंगळूरच्या चामराजपेटेत गिरीराजांच्या घरामागे. माझी जीभ कडू झालीय, त्याला माझा इलाज नाही.

पंचवीस वर्षं या घरानं माझी जांभळं खाल्ली. शहाण्णव साली नऊ वर्षांच्या दिव्यश्रीनं बापाकडे माझ्यावर घर मागितलं, आणि कारखान्यात नकाशे काढणाऱ्या गिरीराजांच्या अंगात इंजिनियर संचारला. त्यांनी टेपनं माझ्या फांद्या मोजल्या, पुस्तकातला लाकडाच्या ताकदीचा तक्ता उघडला. तक्ता सागवानाचा होता.

"अण्णा, जांभळाची फांदी न सांगता मोडते," मल्लाप्पा सुतार म्हणाला. "जमिनीत चार खांब रोवू. घर खांबांवर उभं राहील, झाडावर भार नको."

"खांब लावले तर कोंबड्यांचं खुराडं दिसेल."

एकही खांब नसलेलं घर बांधतोय, असं ते कारखानाभर सांगून बसले होते. मल्लाप्पानं मुकाट्यानं फळ्या ठोकल्या. पण रविवारी चहाला आलेल्या पाहुण्यांसमोर त्याला राहवलं नाही. "अजून स्वल्प विचार करा, अण्णा. पोर चढणार आहे."

"एवढी भीती वाटते ना? मग तूच चढ. मार उड्या."

साठीचा मल्लाप्पा चपला काढून चढला. त्यानं एक उडी मारली.

"आणखी जोरात," गिरीराज म्हणाले. पाहुणे हसत होते.

तिसऱ्या उडीला माझ्या बेचक्यात आतून चीर गेली. जीव खाऊन मी फांदी धरून ठेवली. म्हातारा सुखरूप उतरला आणि मला मूर्खाला स्वतःचं कौतुक वाटलं.

"झाली ना परीक्षा?"

"सरी, अण्णा," म्हणत मल्लाप्पानं मान डोलावली.

पंधरा दिवसांनी, शाळेतून आल्या आल्या दिव्यश्री वर गेली. फांदी तिच्यासकट खाली आली. तिची कंबर मोडली. ती आजही चालत नाही.

ती दवाखान्यात असतानाच मला तोडायला मल्लाप्पाला बोलावलं. बेचक्यापाशी त्याची कुऱ्हाड थांबली.

"अण्णा, बाकी लाकूड ताजं फाटलंय. ही चीर मात्र काळी पडलीय. त्या रविवारची आहे, माझ्या उड्यांची."

गिरीराजांनी वाकून चिरेवर बोट फिरवलं. मग त्यांच्या तोंडावर चक्क हायसं वाटल्यासारखं दिसलं.

"म्हणजे तूच मोडलीस," ते म्हणाले.

तेव्हापासून गल्लीभर तेच सांगतात. मल्लाप्पाला इथे पुन्हा कुणी काम दिलं नाही. तुम्हाला तो कुठे भेटलाच, तर माझा एवढा निरोप द्या: त्या रविवारी मी तुला पाडायला हवं होतं.