मेंढ्या उतरवायच्या दिवशीचा सामना

"उद्या जो डोंगरावर जाईल, तो खेळणार नाही," हे माझ्या नवऱ्याने, हॉग्नीने, शुक्रवारच्या सरावानंतर सगळ्या खेळाडूंना बजावलं आणि घरी येऊन मलाही त्याच आवाजात ऐकवलं. जणू मीच त्याची बचावफळी.

मी आमच्या लेकीला, रान्वाला भरवत होते. म्हटलं, "अरे, दोन आठवडे धुकं होतं. उद्या आभाळ मोकळं आहे. मेंढ्या उद्याच उतरवणार ना?"

"आणि सामनाही उद्याच आहे ना?"

सामना हंगामातला शेवटचा होता. बरोबरी झाली तरी क्लब वरच्या गटात राहणार होता. हरलो तर खाली, आणि हॉग्नीचं प्रशिक्षकपदही जाणार. क्लबच्या मंडळाने तसं तोंडावर सांगितलं होतं. अकरा वर्षं डेन्मार्कात पगारी फुटबॉल खेळाडू म्हणून काढली, मग गुडघा गेला आणि तो आमच्या या बेटावर, सुदुरॉयवर परतला. दुसरं काही त्याला येत नव्हतं, आणि यावं असं वाटतही नव्हतं. सरावाला पाच मिनिटं उशीर झाला की मैदानाला दहा फेऱ्या. त्याही कुणाला, तर आठ तास उभं राहून मासे कापून आलेल्या माणसांना!

शनिवारी सकाळी खिडकीतून पाहिलं तर उतारावर माणसांची रांग लागलेली. ज्या घराचा कळपात वाटा, त्या घरातला एक माणूस रांगेत हवाच. चौदा खेळाडूंपैकी सहाजण त्यात होते. हॉग्नीने पाहिलं आणि पडदा ओढला.

दोनचा सामना. सव्वा वाजता सहाही जण धावत खाली आले, गुडघ्यापर्यंत चिखल आणि अंगाला लोकरीचा वास. पुढे एयुन, गोलरक्षक आणि कर्णधार. मी बाबागाडी घेऊन तिथेच उभी होते.

"सगळ्या मेंढ्या आत. पळतच आलो बघ. आण माझे बूट."

"बाकावर बस."

"चेष्टा करतोस?"

"काल काय बोललो होतो?"

"अरे, रांगेत एक माणूस कमी पडला की सगळा कळप त्याच फटीतून निसटतो, हे तुला सांगायला हवं का? तुझ्या सासऱ्याच्या मेंढ्यासुद्धा मीच हाकल्या!"

"मग सासऱ्यालाच सांग तुला खेळवायला."

एयुन हसला नाही. बाकीचे पाच गुपचूप बाकावर जाऊन बसले.

सात माणसं असली की सामना सुरू होतो. आमची आठ होती. आठच खेळणार का, असं पंचांनी दोनदा विचारलं, हॉग्नीने दोनदा मान डोलावली. आठांनी जीव तोडून खेळ केला, पण मध्यंतरापर्यंत दोन गोल चढले होते. मला राहवलं नाही. रान्वाला कडेवर घेऊन मी सरळ त्याच्यासमोर गेले.

"घाल ना रे त्यांना आत."

"मी शब्द दिलाय."

"कुणाला दिलास? तूच दिलास आणि तूच घेतलास!"

मग बाकाकडे न बघता त्याने हाताने खूण केली. एयुन इतक्या वेगाने उठला की बाक मागे कलंडला.

आमचे अकरा पुरे झाले आणि नंतरचा अर्धा भाग फक्त आमचा होता. एक गोल झाला, एक चेंडू खांबाला लागून परत आला. शेवटची दहा मिनिटं समोरचा संघ नुसता चेंडू लांब मारत सुटला होता. शिट्टी वाजली तेव्हा दोन-एक.

मंडळाचे अध्यक्ष तुम्मसकाका डोंगरावरच्या रांगेचेही म्होरके. त्यांच्या टोपीला अजून लोकर चिकटलेली होती. ते माझ्याशेजारी येऊन थांबले.

"पोरी, समोरच्या संघाच्या प्रशिक्षकाने गुरुवारी हॉग्नीला फोन केला होता. तुमच्या मेंढ्या असतील तर पाचला खेळू, म्हणाला. इथे सगळे असंच करतात, एका फोनवर वेळ बदलते. यानेच नको म्हटलं."

मला हे ठाऊकच नव्हतं.

घरी येऊन दार लागल्यावर मी हॉग्नीला त्या फोनबद्दल विचारलं.

"डेन्मार्कात पहिल्या वर्षी मी मेंढ्यांसाठी दोन दिवस सुट्टी मागितली होती," तो म्हणाला. "पुढे वर्षभर मी दिसलो की सगळे बें-बें करायचे. सरावाला, बसमध्ये, जेवताना. मी तेव्हाच ठरवलं होतं..."

"पण हॉग्नी, इथे कोण हसणार होतं रे?"

मला त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं आणि गदागदा हलवावंसंही.

तेवढ्यात एयुन आला, हातात आमच्या वाट्याचं मांस. "ताजं आहे, आजच सुकायला टांगा," असं मला म्हणाला. हॉग्नीकडे त्याने पाहिलंही नाही.

मी हॉग्नीकडे रोखून पाहिलं. बोल. 'माझं चुकलं', एवढं एकच वाक्य बोल, बाकी सगळं जाऊ दे. तो उठला, दारापर्यंत गेला, चौकटीला हात टेकून उभा राहिला.

"मांस चांगलं दिसतंय," तो म्हणाला.

"हो," एयुन म्हणाला. "तुझ्याबद्दल ठरवायला मंडळ सोमवारी बसणार आहे. तुम्मसकाकांनी सांगायला सांगितलं." आणि गेला.

हॉग्नी तिथेच उभा होता. मी मांस उचललं आणि टांगायला मागच्या खोपीत गेले.